हळद आणि जेवणानंतरची साखर

गेल्या भाऊबीजेची गोष्ट. ओवाळणे झाले, पाने वाढली गेली, आणि आमच्या दाजींनी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांनी, पहिल्या घासाआधी पेलाभर कोमट पाणी मागवले. त्यात त्यांनी चहाचे दोन चमचे हळद घातली, ढवळली, आणि डोळे मिटून ते पिवळे गढूळ पाणी एका दमात घशाखाली उतरवले. मग करंज्यांचे ताट स्वतःकडे ओढीत मला म्हणाले, "घ्या प्रोफेसर, संकोच नको. मीपण घेतोय. गोळ्या सोडून दीड महिना झाला. हळदीनं इन्शुलिन वाढतं, परदेशात सिद्ध झालंय. इन्शुलिन वाढलं की साखर उतरणारच की!"

दाजींना मधुमेह जडून बारा वर्षे झाली आहेत. बहिणीने माझ्याकडे एकदा पाहिले आणि काही न बोलता ती वाढायला वळली.

श्रोतेहो, मी महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवतो. वैद्यक हा माझा विषय नव्हे, आणि तुम्हांला औषध सांगायला मी इथे बसलेलो नाही. परंतु एखादे विधान कुठून निघाले आणि ते कुठवर पोचते हे तपासण्याची मला सवय आहे. घरचे तिला खोड म्हणतात. दाजींचे ते वाक्य मी त्याच खोडीपायी हाती घेतले. आपल्या देशात मधुमेह असलेल्यांची संख्या १० कोटींच्या वर असल्याचे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत आढळले. तेव्हा दाजी काही एकटे नाहीत. तुमच्या घरात नाही तर शेजारी असे एखादे दाजी असतीलच.

आधी जेवणानंतर रक्तात काय घडते ते पाहू. बहिणीचे घर सांगलीत, म्हणून दृष्टांतही तिकडचाच सुचतो. सांगलीच्या शेजारी, कृष्णा आणि वारणा मिळतात तिथे, हरिपूर आहे. तिथे हळद जमिनीखालच्या पेवांत साठवण्याची जुनी चाल आहे. पेवाचे तोंड माणूस उतरेल एवढेच, पोट मात्र ऐसपैस. त्यात ओतलेली हळद वर्षानुवर्षे कीड न लागता राहते. (२००५च्या महापुरात यांतली पुष्कळ पेवे कामातून गेली. ती हळहळ वाटावी अशी वेगळीच कथा आहे.) आता असे समजा की हंगामाचा दिवस आहे आणि हळदीच्या गाड्यांमागून गाड्या गावात शिरत आहेत. त्या रस्त्यात तुंबून चालायचे नाही. म्हणून मुकादम हमालांना हाक मारतो. हमाल येतात, पेवांची झाकणे काढतात, माल आत उतरवतात, आणि रस्ता मोकळा होतो.

जेवण झाले की आपल्या शरीरात हेच चालते. भात खा, भाकरी खा नाहीतर करंजी खा. तिच्यातल्या पिठाची आतड्यात साखर होते आणि ती रक्तात येते. या झाल्या गाड्या. रक्तातली साखर वाढू लागली की स्वादुपिंड इन्शुलिन सोडते. स्वादुपिंड हा मुकादम, इन्शुलिन हे त्याचे हमाल. ते स्नायूंची आणि चरबीची दारे साखरेला उघडून देतात, आणि यकृतालाही साखर साठवायला लावतात. निरोगी माणसाची साखर अर्ध्यापाऊण तासात शिगेला पोचते आणि दोन तासांत बहुतेक पूर्वपदावर येते. तपासणीच्या वेळी ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून पाजून दोन तासांनी रक्त घेतात ते एवढ्याचसाठी, की रस्त्यावर अजून किती गाड्या उभ्या आहेत ते कळावे. १०० मिलिलिटर रक्तात साखर १४० मिलिग्रॅमच्या आत असली तर ठीक; २०० किंवा त्याहून अधिक असली तर मधुमेह; अधेमधे असली तर सावध व्हायचे.

दाजींना आहे त्या प्रकारच्या मधुमेहात दोन बिघाड असतात. पेवांची झाकणे घट्ट बसतात, म्हणजे जिथे एक हमाल पुरायचा तिथे तिघे लागतात. आणि असे जादा हमाल वर्षानुवर्षे पुरवता पुरवता मुकादम थकून जातो. हा थकलेला मुकादम ध्यानात असू द्या.

आता तो परदेशातला प्रयोग. पहिली गोष्ट ही की दाजी खोटे बोलत नव्हते. प्रयोग झाला होता, स्वीडनमधल्या माल्मो शहरी, आणि त्याचा वृत्तान्त २०१० साली प्रसिद्ध झाला. मी तो मिळवून वाचला. चौदा निरोगी माणसे घेतली होती. प्रत्येकाची परीक्षा दोनदा झाली. उपाशीपोटी ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजायचे. एका खेपेस त्याबरोबर ६ ग्रॅम हळद कॅप्सूलमधून द्यायची आणि दुसऱ्या खेपेस दिसायला तशाच, पण हळद नसलेल्या कॅप्सूल द्यायच्या. कॅप्सूल कशाला, असे तुम्ही विचाराल. अहो, पिवळ्या आमटीला सोंग कसे देणार? पाहताक्षणी माणूस ओळखणार, आणि ओळखले की त्याच्या मनाचा परिणाम निकालात मिसळणार. नंतर पंधरा मिनिटांपासून दोन तासांपर्यंत ठरलेल्या वेळी सहा वेळा रक्त तपासले.

निकाल असा. हळद घेतलेल्या दिवशी अर्ध्या तासाला आणि एक तासाला इन्शुलिनची वाढ अधिक दिसली. दोन तासांचे एकूण इन्शुलिन धरले तरी ते अधिक भरले. इथवर दाजींचे वाक्य बरोबर. पण त्याच वृत्तान्तात, त्याच्या शेजारीच, दुसरे वाक्य आहे : रक्तातल्या साखरेत हळदीने काहीही लक्षणीय फरक पडला नाही.

पहिले वाक्य दाजींना कोणीतरी मोबाईलवर धाडले होते. दुसरे धाडलेच नव्हते. अर्ध्या हळकुंडाने पिवळे होणे ही म्हण आपण दुसऱ्यांना टोचण्यासाठी वापरतो. इथे ती अक्षरशः घडली. "इन्शुलिन वाढलं की साखर उतरणारच" हे दाजींचे अनुमान ऐकायला कसे बिनतोड वाटते! आणि ज्या प्रयोगावर ते उभे आहे त्याच प्रयोगात ते लटके पडते. माझ्या विद्यार्थ्यांना मी असे उदाहरण शोधून द्यायचे म्हटले असते तर मिळाले नसते.

मग या निकालाचा अर्थ काय? हमाल जास्त आले, पण रस्त्यावरच्या गाड्या प्रत्येक मोजणीला तेवढ्याच. कदाचित ते जादा हमाल नुसतेच उभे राहिले असतील. कदाचित गाड्याही थोड्या झपाट्याने आल्या असतील आणि जादा हमालांनी तेवढ्याच झपाट्याने त्या रिकाम्या केल्या असतील. किंवा असेही असेल की निरोगी माणसाची साखर शरीर मुळातच इतकी काटेकोर सांभाळते, की तिला आणखी खाली ओढायला वावच नसतो. झाडलेल्या अंगणात पुन्हा झाडू मारला तर केर कुठला निघणार? नुसत्या या मोजणीवरून यांतले काय खरे ते ठरत नाही. शिवाय माणसे चौदा, दोन तास, एकेकदा, आणि पोटात जेवण नव्हे तर साखरेचे पाणी. सहा वेळा मोजल्यावर दोन वेळा फरक उठून दिसला, तर त्यात योगायोगाचा वाटा किती हाही विचार करावा लागतो. प्रयोग करणाऱ्यांचा यात काही दोष नाही. त्यांनी जेवढे पाहिले तेवढेच लिहिले. पुढची पदरमोड वाटेतल्या लोकांनी केली.

आणि आता तो थकलेला मुकादम. माल्मोतल्या चौदांपैकी एकालाही मधुमेह नव्हता. त्यांचा मुकादम ताजा होता; हळदीने त्याच्या कानात काही सांगितले असेल तर त्याने चार हमाल जास्त हाकारले. दाजींच्या मुकादमाची बारा वर्षे ओढाताण झालेली. त्याला कोणी आणखी हमाल मागितले तर तो देईल की नाही, दिले तर त्याचे बरे होईल की तो आणखी खचेल, याचे उत्तर या प्रयोगात नाही. निरोग्यावरून रोग्यावर उडी मारताना मध्ये दरी आहे, एवढेच मला दाजींना सांगायचे होते.

मी फोन केला. दाजी वादाला पक्के. म्हणाले, "आयुर्वेद काय खोटा? प्रमेहावर हळद हजार वर्षं देतायत."

खोटा कशाला असेल? वाग्भटाने प्रमेहावर आवळा आणि हळद यांची जोडी सांगितली आहे, आणि ‘निशामलकी’ या नावाने ती आजही वैद्य देतात. निशा हे हळदीचेच एक नाव. पण जुन्या वैद्याने नाडी पाहिली असती, आहार आखून दिला असता, चालायला लावले असते, आणि करंज्यांचे ताट तर पहिल्याने उचलले असते. त्याच्या उपचारातली एकच वस्तू उचलायची, बाकीचे पथ्य टाकून द्यायचे, आणि नाव मात्र आयुर्वेदाचे घ्यायचे, हा कुठला न्याय?

"बरं, मग अमेरिकेनं हळदीचं पेटंट घेतलं होतं ते उगाच?"

ही कथा आपल्याकडे अभिमानाने सांगितली जाते, आणि ती अभिमानाची आहेही. १९९५ साली अमेरिकेत हळदीचे एक पेटंट दिले गेले. आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना, त्याला हरकत घेतली आणि १९९७ साली ते रद्द झाले. पण दोन गोष्टी पाहा. ते पेटंट जखम भरून येण्यासंबंधी होते, साखरेशी त्याचा काही संबंध नव्हता. आणि भांडण हळद गुणकारी आहे की नाही यावर नव्हतेच; हा उपयोग नवा आहे की आधीपासून ठाऊक आहे, एवढ्यावरच होते. आपण ‘ठाऊक आहे’ हे सिद्ध केले. एखादी गोष्ट पूर्वापार ठाऊक असणे आणि ती तपासून पक्की ठरलेली असणे, ही दोन वेगळी विधाने आहेत. दाजी म्हणाले, "तुम्ही म्हणजे शब्दांचा कीस काढता." ते खरे आहे. मला त्याचाच पगार मिळतो.

प्रमाणाचा हिशेब मी बहिणीला मिसळणाच्या डब्यावरूनच मांडायला सांगितला. चहाचा सपाट चमचाभर हळद सुमारे ३ ग्रॅम भरते. चार माणसांच्या आमटीला ती पाव चमचा हळद टाकते. म्हणजे माणशी पाव ग्रॅमदेखील नाही. प्रयोगातली मात्रा ६ ग्रॅम, आमटीतल्या वाट्याच्या तीसपट, आणि तीही एका बैठकीला. तेव्हा "आपले पूर्वज रोज हळद खात, म्हणून त्यांना मधुमेह नव्हता" असे कोणी म्हणाले, तर त्याला हा डबा दाखवा. त्यांच्या पायांखाली रोज किती कोस जात आणि पानात किती साखर पडे, हे तो विसरलेला असतो.

बरे, हळद पोटात गेली म्हणजे रक्तात गेली असेही नाही. हळदीतला पिवळा रंग ज्याचा, ते कुर्कुमिन हळदीत शेकडा तीनच्या आसपास असते. सहा ग्रॅम हळदीत ते दोनशे मिलिग्रॅमच्याही आतच भरेल. ते पाण्यात विरघळत नाही. दाजींच्या पेल्याच्या तळाशी जो गाळ राहायचा त्यात त्याचाही भाग असणार. १९९८ साली बंगळूरच्या संशोधकांनी माणसांना २ ग्रॅम शुद्ध कुर्कुमिन दिले, म्हणजे दाजींच्या दसपट, तरी रक्तात ते जेमतेमच सापडले. सोबत काळ्या मिरीतले पायपरीन २० मिलिग्रॅम दिल्यावर मात्र ते वीसपट वाढले. मग इतके थोडे रक्तात शिरत असताना माल्मोत इन्शुलिन वाढले कसे? कदाचित हळदीचे काम आतड्यातच होत असेल. जेवण आले की आतडे स्वतःची संप्रेरके सोडून स्वादुपिंडाला आगाऊ वर्दी देते, आणि तसल्या एका संप्रेरकाला कुर्कुमिनने चालना मिळाल्याचे प्रयोगशाळेतल्या पेशींवर दिसले आहे. पण पेशी निराळ्या, माणूस निराळा.

त्या वीसपटीच्या जोरावर हल्ली मिरीचा अर्क घातलेल्या हळदीच्या गोळ्यांचे पेव फुटले आहे. इथे मात्र मला थट्टा सुचत नाही. मिरीतले द्रव्य कुर्कुमिनचा निचरा लांबवते, तसा काही औषधांचाही लांबवते. म्हणजे तुम्ही नेहमीचे औषध तेवढेच घ्याल आणि रक्तात ते जास्त राहील. हळदीच्या अशा तयार औषधांनी यकृताला इजा झालेले दहा रोगी अमेरिकेतल्या डॉक्टरांनी २०२२ साली नोंदवले. त्यांतला एक दगावला. आमटीतल्या चिमटीने असे काही होत नाही. आणि पूड दोन-दोन चमचे रोज पोटात जाणार असेल, तर ती कुठली हेही विचारायला हवे. बांगलादेशात हळदीला पिवळाधमक रंग यावा म्हणून शिशाचे क्रोमेट मिसळले जात होते, हे २०१९ साली संशोधकांनी उघड केले. शिसे म्हणजे विषच. शक्य असेल त्याने हळकुंडे आणून दळून घ्यावी. माझी आई तेच करी, आणि आम्ही तिला कंजूष म्हणत असू.

याचा अर्थ मसाल्याच्या पदार्थांचा जेवणानंतरच्या साखरेशी संबंधच नाही असा करू नका. त्याच माल्मो शहरात आधी, २००७ साली, चौदा निरोगी माणसांना तांदळाच्या खिरीतून ६ ग्रॅम दालचिनी दिली होती. तेव्हा खीर जठरातून सावकाश पुढे सरकली आणि साखरही कमी चढली. म्हणजे गाड्याच वेशीवर रेंगाळल्या. चमत्कार काही नाही, पण निदान निकालाचे दोन्ही पाय एकाच दिशेने पडले. तोही प्रयोग एकेका दिवसाचाच, हे विसरून चालणार नाही.

आणि एक उपाय असा आहे, की ज्यात मुकादमाला फारशी तोशीसच पडत नाही. चालू लागलेला स्नायू इन्शुलिनची वाट न पाहता रक्तातली साखर उचलतो. पेवाला मागच्या बाजूनेही एक दार असावे तसे. प्रत्येक जेवणानंतर पंधरा मिनिटे चालले, तर साखर चढण्याचा धोका असलेल्या वयस्क माणसांतही ती आटोक्यात राहते, विशेषतः रात्रीच्या जेवणानंतरची, असे २०१३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका लहानशा अभ्यासात दिसले. आपल्याकडे याला शतपावली म्हणतात. शंभर पावलांत पंधरा मिनिटे होत नाहीत, तेव्हा आकडा तेवढा वाढवून घ्यावा लागेल.

हे सगळे मी दाजींना समजावले, आणि त्यांनी ऐकले असे सांगायला मला आवडले असते. त्यांनी ऐकले नाही. मार्गशीर्षात बहिणीचा फोन आला. नव्या चपलेने अंगठ्याजवळ चावले होते, जखम तीन आठवडे भरत नव्हती, आणि दाजी तिच्यावरही हळदच दाबत होते. मी दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या गाडीने गेलो. डॉक्टरांकडे जेवणानंतरची साखर ३१२ निघाली. गोळ्या घेत असताना ती १७०च्या आसपास असायची. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी पायाला टाचणी टोचून पाहिली आणि विचारले, "लागतंय?" दाजी म्हणाले, "कुठं काय?" त्या दोन शब्दांनी दाजींचा चेहरा उतरला तेवढा माझ्या सगळ्या तर्कशास्त्राने उतरला नव्हता.

गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, काही दिवस इन्शुलिनही टोचून घ्यावे लागले. "शेवटी हमाल बाहेरूनच आणावे लागले," असे दाजी स्वतःच म्हणाले, तेव्हा मला बरे वाटले. जखम भरायला दोन महिने गेले. अंगठा वाचला.

परवा बहीण फोनवर सांगत होती, हल्ली रात्रीचे जेवण झाले की दाजी मऊ बूट चढवून गल्लीत फेऱ्या घालतात आणि कट्ट्यावर बसलेल्या दोघातिघांना उठवून बरोबर नेतात. निघताना मात्र एकदा विचारतातच, "आमटीत हळद घातली होतीस ना?" ती म्हणते, "घातली होती. पाव चमचा."